आज्ञापालन आणि त्याची सीमा



शाळेत पहिले पाऊल टाकता त्या दिवसापासून जो गुण तुमच्या अंगी बाणावा म्हणून आम्ही शिक्षक झटत असतो, तो म्हणजे आज्ञापालन. घंटा झाली की रांगेत उभे राहावे, गुरुजींनी दिलेला पाठ करून आणावा, वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये, देशाचे कायदे पाळावेत, हे आम्ही सांगतो आणि तुम्ही, निदान बहुतेक वेळा, ऐकता. ते योग्यच आहे. आज्ञापालनावाचून घर चालत नाही, शाळा चालत नाही आणि राज्यही चालत नाही. परंतु आज्ञा पाळावी एवढेच जो शिकवतो आणि ती कोठे पाळू नये हे कधीच सांगत नाही, त्याचा धडा अर्धाच राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ आणि १९४६ या वर्षी जर्मनीतील न्यूरेम्बर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर खटले चालले, तेव्हा त्यांपैकी अनेकांनी आपल्या बचावासाठी पुढे केलेले कारण हेच होते, की आम्ही वरून आलेल्या आज्ञा पाळल्या. न्यायालयाने हे कारण पुरेसे मानले नाही.

प्रस्तुत लेखात या उरलेल्या अर्ध्या धड्याचा विचार करावयाचा आहे. हा प्रश्न कोणा एका धर्माचा नव्हे. पित्याची, आणि तोही राजा असलेल्या पित्याची, आज्ञा बाजूस सारून नारायणाचे नाम न सोडणारा प्रल्हाद तुम्हांला बालपणापासून परिचित आहे. ख्रिस्ती धर्मात या प्रश्नाचा विचार कसा झाला, आणि ऑस्ट्रियातील एका साध्या शेतकऱ्याने तो विचार प्राणांचे मोल देऊन कसा आचरणात आणला, हे आपण पाहू.

पेत्राचे उत्तर

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चौथ्या व पाचव्या अध्यायांत एक प्रसंग आला आहे. पेत्र आणि योहान हे येशू ख्रिस्ताचे दोन शिष्य. दोघेही गालील समुद्रावर जाळी टाकून पोट भरणारे कोळी. त्यांच्यापाशी विद्येचा लौकिक नव्हता, संपत्ती नव्हती आणि पाठीशी कोणी सत्ताधीशही नव्हता. यरुशलेमच्या मंदिरात लोकांना उपदेश करीत असता त्यांना धरून नेण्यात आले, आणि येशूच्या नावाने यापुढे एक शब्दही बोलावयाचा नाही, अशी सक्त ताकीद न्यायसभेने त्यांना दिली. त्यांनी ती मानली नाही. पुन्हा धरून आणल्यावर प्रमुख याजकाने जाब विचारला, तेव्हा पेत्राने व इतर प्रेषितांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की मनुष्याची आज्ञा आणि देवाची आज्ञा यांत विरोध आला असता देवाचीच आज्ञा पाळणे आम्हांस प्राप्त आहे.

हे उत्तर पुष्कळांना ठाऊक असते. त्याच्या मागेपुढे जे घडले त्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. जमलेले लोक प्रेषितांच्या बाजूचे होते. लोक आपल्यावर दगडफेक करतील की काय, अशी धास्ती धरून आणणाऱ्या शिपायांनाच वाटत होती. प्रेषितांनी एक शब्द उच्चारला असता तर दंगल उसळली असती. त्यांनी तो उच्चारला नाही. ते निमूटपणे शिपायांबरोबर गेले. त्यांना फटक्यांची शिक्षा झाली, ती त्यांनी सोसली. आणि सुटका होताच पुन्हा आपल्या कामास लागले. त्यांनी आज्ञा मोडली, परंतु ती उघडपणे मोडली, आणि तिचे फळ स्वतः भोगले.

मग राज्यसत्तेस ख्रिस्ती धर्मात स्थानच नाही काय? तसे नाही. संत पौलाने रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात राज्यकर्त्यांचा अधिकार देवाने नेमलेला आहे, म्हणून प्रत्येकाने त्यांच्या अधीन असावे, कर द्यावा व मान द्यावा, असा स्पष्ट उपदेश केला आहे. वरवर पाहता पेत्र आणि पौल यांच्या म्हणण्यात विसंगती दिसते. पण नीट पाहिले तर पौलाच्या वचनातच पेत्राच्या उत्तराचे बीज आहे. अधिकार देवाकडून मिळालेला असेल, तर तो राज्यकर्त्याच्या मालकीचा नव्हे, त्याच्याकडे सोपवलेला आहे. आपल्याकडे मालमत्तेचा कारभार पाहण्यासाठी मुखत्यारपत्र करून देतात, हे तुम्ही ऐकले असेल. मुखत्याराचा शब्द त्या पत्राच्या मर्यादेत मालकाच्या शब्दाइतकाच चालतो. पण मालकाच्याच घराला आग लाव, असे तो गड्याला सांगू लागला, तर गड्याने ते ऐकावयाचे नसते. त्या क्षणी मुखत्याराची आज्ञा न पाळणे हेच मालकाशी इमान राखणे होय.

येशू ख्रिस्तास कैसराला कर द्यावा की नाही असे विचारण्यात आले, तेव्हा त्याने एक नाणे मागून घेतले आणि त्यावर कोणाची मुद्रा आहे असा उलट प्रश्न केला. मुद्रा कैसराची होती; म्हणून कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला द्यावे, असे त्याने सांगितले. टर्टुलियन या प्राचीन ख्रिस्ती लेखकाने यावर मार्मिक भाष्य केले आहे. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून ते कैसराला द्यावे. मनुष्यावर देवाची प्रतिमा आहे म्हणून मनुष्याने स्वतःला देवाच्या स्वाधीन करावे, असा त्याच्या भाष्याचा भाव आहे. राजाला कर मागता येतो. प्रजाजनाची सदसद्विवेकबुद्धी मागता येत नाही.

राजाचा प्रामाणिक सेवक

इतिहासात या तत्त्वाची पुष्कळ उदाहरणे सापडतात. इंग्लंडचा सर टॉमस मोर हे त्यांतील एक प्रसिद्ध उदाहरण. हा थोर विद्वान व कायदेपंडित १५२९ ते १५३२ या काळात आठव्या हेन्री राजाचा मुख्य न्यायमंत्री होता. राजाने स्वतःस इंग्लंडमधील चर्चचा सर्वश्रेष्ठ अधिपती म्हणवून घेतले आणि त्याबाबत प्रजेकडून शपथा घेण्यास आरंभ केला. मोरने बंड केले नाही, राजाची निंदा केली नाही. केवळ शपथ घेतली नाही. ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. आपण राजाचे प्रामाणिक सेवक म्हणूनच मरत आहोत, मात्र देवाचे सेवक आधी आहोत, असा भाव त्याने वधस्तंभाजवळ व्यक्त केल्याचे प्रसिद्ध आहे. या उद्गारात आज्ञाभंग आहे, पण द्वेष नाही.

मोर विद्वान होता, त्याचे नाव युरोपभर पसरलेले होते. आपण इतिहास वाचताना म्हणतो, अशी माणसे निराळीच असतात, ते सामान्यांचे काम नव्हे. म्हणून आता ज्याचे नाव त्याच्या पंचक्रोशीबाहेर कोणास माहीत नव्हते अशा एका माणसाकडे वळू. योगायोग असा, की त्याला मृत्युदंड फर्मावण्यात आला तीही तारीख ६ जुलैच होती. वर्ष मात्र १९४३.

सांक्ट राडेगुंडचा शेतकरी

ऑस्ट्रियाच्या वायव्य भागात, जर्मनीच्या सरहद्दीला लागून, झाल्त्साख नदीच्या काठी सांक्ट राडेगुंड नावाचे एक लहानसे खेडे आहे. ते ज्या जिल्ह्यात येतो त्याच जिल्ह्याच्या ब्राउनाउ या मुख्य गावी १८८९ मध्ये अडॉल्फ हिटलरचा जन्म झाला. त्यानंतर अठरा वर्षांनी, २० मे १९०७ रोजी, सांक्ट राडेगुंड येथे फ्रान्झ येगरश्टेटर जन्मास आला. त्याची आई एका शेतावर काम करणारी गरीब स्त्री होती. जन्मदाता पिता पहिल्या महायुद्धात मारला गेला. पुढे आईने येगरश्टेटर नावाच्या शेतकऱ्याशी विवाह केला. त्याने या मुलास दत्तक घेतले, आपले नाव दिले आणि पुढे आपले शेतही दिले.

तरुणपणी फ्रान्झ कोणी साधुपुरुष होता असे नाही. तो अंगाने धट्टाकट्टा व स्वभावाने उत्साही होता. काही वर्षे त्याने आयझेनएर्झ येथील लोखंडाच्या खाणीत काम केले, आणि तेथून परतताना तो जी मोटारसायकल घेऊन आला ती गावातील पहिलीच होती, असे सांगतात. १९३६ साली फ्रान्झिस्का श्वानिंगर या मुलीशी त्याचा विवाह झाला. विवाहानंतर दोघे रोमच्या यात्रेस गेली. फ्रान्झिस्का अत्यंत श्रद्धाळू होती. गोव्यातील ख्रिस्ती घरांत सायंकाळी तेर्साची प्रार्थना होते, तशीच जपमाळेची प्रार्थना, बायबलचे वाचन आणि चर्चमधील उपासना यांना त्यांच्या घरी महत्त्व होते. त्यांना तीन मुली झाल्या. नांगर, गाई, मुली आणि प्रार्थना, असा त्यांचा संसार चालला होता.

मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले आणि तो देश हिटलरच्या राज्यात विलीन करण्यात आला. १० एप्रिल रोजी या विलीनीकरणावर जनतेचा कौल घेण्यात आला. भीतीने म्हणा, लोभाने म्हणा वा खऱ्या उत्साहाने म्हणा, अधिकृत आकड्यांप्रमाणे ऑस्ट्रियातील ९९ टक्क्यांहून अधिक मते अनुकूल पडली. सांक्ट राडेगुंडमध्ये प्रतिकूल मत देणारा फ्रान्झ हा एकटाच होता. गावच्या अधिकाऱ्यांनी ते मत नोंदवलेच नाही आणि गाव एकमुखाने अनुकूल असल्याचे कळवून टाकले. त्याच वर्षाच्या आरंभी त्याला एक स्वप्न पडले होते, ते त्याने पुढे लिहून ठेवले आहे. डोंगराला वळसा घालून एक सुंदर आगगाडी येत आहे, आणि लहानथोर माणसे तीत चढावयास धावत आहेत. इतक्यात ही गाडी नरकाकडे चालली आहे असा आवाज त्याच्या कानी पडला. ती गाडी म्हणजे नाझी पक्षाचे राज्य, असा अर्थ त्याने पुढे लावला.

तेव्हापासून त्याने त्या गाडीपासून दूर राहण्याचा निश्चय केला. नाझी पक्षाच्या निधीस तो वर्गणी देईना. कुटुंबासाठी सरकारकडून मिळणारे साहाय्यही त्याने घेतले नाही; ज्या सत्तेच्या कृत्यांत आपणांस सहभागी व्हावयाचे नाही, तिच्याकडून लाभ तरी कसा घ्यावा, असा त्याचा विचार होता. गावच्या पाद्रीमहाशयांना १९४० मध्ये प्रवचनाबद्दल अटक झाली, हेही त्याने पाहिले होते.

१९४० साली त्याला सैन्यात बोलावणे आले. तो गेला, आणि त्या वेळी त्याने शपथही घेतली. गावच्या प्रमुखांनी खटपट करून, हा शेतीसाठी आवश्यक माणूस आहे असे सांगून, त्याला दोनदा परत आणवले. एप्रिल १९४१ मध्ये तो घरी आला तो मनाशी पक्का निर्णय करूनच. सैन्यातील काळात त्याने पुष्कळ पाहिले व ऐकले होते. मनोरुग्ण व अपंग माणसांना ठार केले जात असल्याची वार्ताही त्याला लागली होती. ती खोटी नव्हती. लिंझ शहराजवळच्या हार्टहाइम येथील किल्ल्यात १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत अशा सुमारे १८,००० जणांना विषारी वायूने मारण्यात आले. शेजारच्या देशांवर आक्रमण करून तेथील लोकांचे जीवित व स्वातंत्र्य हिरावून घेणारे हे युद्ध न्याय्य नाही, आणि जे न्याय्य नाही त्यात शस्त्र घेऊन लढणे हे पाप आहे, अशी त्याची खात्री झाली.

एकट्याचा निर्णय

येथे फ्रान्झच्या आचरणातील एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. मला वाटले म्हणून मी केले, असा त्याचा प्रकार नव्हता. त्याने आपल्या ओळखीच्या धर्मगुरूंना विचारले. तो लिंझला जाऊन बिशप योसेफ फ्लीसर यांना भेटला आणि आपल्या शंका त्याने त्यांच्यापुढे मांडल्या. मिळालेला सल्ला जवळजवळ सगळीकडे एकच होता. राज्यकर्ते जे करतात त्याची जबाबदारी सामान्य प्रजाजनावर नाही; त्याची पहिली जबाबदारी आपल्या कुटुंबाची आहे. शेजारी, नातेवाईक, प्रत्यक्ष आई, सर्वांनी त्याला समजावले. त्याने सर्वांचे ऐकून घेतले. कोणाचा अपमान केला नाही, आपल्यासारखे न वागणाऱ्यांना दोषही दिला नाही. परंतु मन:पूर्वक विचार व प्रार्थना करूनही त्याची खात्री बदलली नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये पुन्हा हुकूम आला. १ मार्च रोजी तो एन्स येथील छावणीत हजर झाला आणि आपण लढणार नाही असे त्याने सांगितले. पळून जाऊन तो जंगलात लपला नाही, कारण तसे केल्यास कुटुंबावर सूड उगवला जाईल हे त्याला ठाऊक होते. दुसऱ्याच दिवशी त्याला लिंझच्या तुरुंगात टाकण्यात आले, आणि मे महिन्यात बर्लिनमधील टेगेल येथील तुरुंगात हलवण्यात आले. शस्त्र न घेता जखमींच्या शुश्रूषेचे काम करण्याची त्याने तयारी दर्शवली होती. ती सैनिकी न्यायालयाने मान्य केली नाही. ६ जुलै रोजी त्याला देहान्ताची शिक्षा ठोठावण्यात आली.

त्याच टेगेलच्या तुरुंगात त्या वेळी दीट्रिख बोनहोफर हे प्रसिद्ध प्रॉटेस्टंट धर्मपंडितही बंदिवान होते. त्यांनी निराळा मार्ग पत्करला होता. हिटलरची सत्ता उलथून टाकू पाहणाऱ्या गटाशी त्यांचा संबंध होता आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. एकाच धर्माचे दोन पुरुष, एकाच अन्यायापुढे उभे. पण दोघांची वाट एक नव्हती. यावरून असे दिसते, की देवाची आज्ञा श्रेष्ठ मानली म्हणजे काय करावे याचे तयार उत्तर हाती येते असे नाही. प्रत्येकाला ते आपल्या बुद्धीने व आपल्या जोखमीवर शोधावे लागते.

टेगेलमध्ये एका धर्मगुरूंनी फ्रान्झला एक वार्ता सांगितली. फ्रान्झ राइनिश नावाच्या ऑस्ट्रियन धर्मगुरूने हिटलरशी निष्ठेची शपथ घेण्याचे नाकारले होते आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्याला त्याच कारणासाठी मारण्यात आले होते. हे ऐकून फ्रान्झला मोठा धीर आला. इतके दिवस त्याला वाटत होते, की आपण अगदी एकटे आहोत. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्या वेळी त्याचे वय ३६ वर्षांचे होते.

घरच्या माणसांचे काय?

कोणीही विचारी वाचक येथे एक प्रश्न विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. त्याच्या बायकोचे काय? मुलींचे काय? थोरली मुलगी त्या वेळी सहा वर्षांचीही झालेली नव्हती. धाकटी तीन वर्षांची होती. स्वतःच्या अंतःकरणाच्या शांतीसाठी चौघींना उघड्यावर टाकणे हा धर्म कसा?

हा प्रश्न फ्रान्झलाही पडला होता आणि त्याने तो हलका मानला नाही. त्याच्या पत्रांतून बायकामुलींविषयीची आर्त काळजी व्यक्त झालेली आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते, की मुलांना वाढवणे हे पित्याचे कर्तव्य आहेच. पण इतर घरांतील निरपराध पित्यांना मारून ते पार पाडावयाचे, अशी सवलत देवाने पित्यास दिलेली नाही. तो युद्धावर गेला असता तरी परत येण्याची हमी कोण देणार होते? त्या युद्धात लक्षावधी ऑस्ट्रियन व जर्मन बायका विधवा झाल्याच. हे उत्तर तर्काला पटते. तरीही चौघींचे दुःख त्याने कमी होत नाही, हे मान्य केले पाहिजे.

फ्रान्झिस्काचे धैर्य या कथेत पतीच्या धैर्याहून उणे नाही. आरंभी तिनेही त्याचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. मग तिच्या ध्यानी आले, की साऱ्या जगाने ज्याला एकटे सोडले आहे, त्याला आपणही सोडले तर त्याला कोणीच उरणार नाही. तेव्हापासून ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. जुलै १९४३ मध्ये गावच्या धर्मगुरूंसह ती बर्लिनला जाऊन त्याला भेटली. ती भेट अवघ्या वीस मिनिटांची होती. त्याच्या मृत्यूनंतर शेतीचे काम तिच्यावर पडले. गावात पुष्कळांनी तिलाच दोष दिला. युद्धात पडलेल्यांच्या विधवांना मिळणारे निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत नाकारण्यात आले. आज्ञाभंगाची किंमत केवळ आज्ञा मोडणाराच देतो असे नाही. त्याच्यावर प्रेम करणारेही देतात.

सावकाश झालेला उदय

फ्रान्झच्या मृत्यूने युद्ध एक दिवसही लवकर थांबले नाही. आपल्याकडील सत्याग्रहात हजारो लोक एकत्र येत, आणि अन्याय करणाऱ्याच्या हृदयात पालट व्हावा अशी आशा त्यामागे असे. फ्रान्झपाशी ना संघटना होती, ना वृत्तपत्र, ना कोणाचे मन पालटण्याची आशा. युद्धानंतरही त्याचा गौरव झाला नाही. १९४६ मध्ये त्याच्या अस्थी गावी आणून चर्चच्या भिंतीलगत पुरण्यात आल्या. परंतु त्याच वर्षी त्याच्याविषयीचा लेख धर्मप्रांताच्या पत्रात छापू देणे बिशपांना योग्य वाटले नाही. जे गावकरी युद्धात लढून मेले त्यांच्या आप्तांना, फ्रान्झला बरोबर म्हणावे तर आपल्या माणसांना काय म्हणावयाचे, असा पेच पडला होता. तो पेचही खरा होता.

पुढे गॉर्डन झान नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने सांक्ट राडेगुंडला जाऊन लोकांकडून माहिती मिळवली आणि १९६४ मध्ये फ्रान्झवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. येथे या कथेचा आपल्या भागाशी एक संबंध येतो. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेत १९६५ मध्ये, युद्धात लढण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार देणाऱ्यांचा प्रश्न पुढे आला असता, फ्रान्झ येगरश्टेटरचे उदाहरण परिषदेपुढे मांडणारे धर्माध्यक्ष होते टॉमस रॉबर्ट्स, मुंबईचे माजी आर्चबिशप. मुंबईच्या गादीवर भारतीय धर्माध्यक्ष यावा म्हणून हेच रॉबर्ट्स स्वतः बाजूला झाले होते, आणि १९५० मध्ये त्यांच्या जागी गोमंतकीय कुळातील व्हॅलेरियन ग्रेशियस यांची नेमणूक झाली. ज्यांनी आपल्या हातातील अधिकार स्वेच्छेने सोडला, त्यांना अधिकारापुढे न झुकलेल्या शेतकऱ्याचे महत्त्व कळावे, यात नवल नाही. डिसेंबर १९६५ मध्ये परिषदेने संमत केलेल्या लेखात, सदसद्विवेकबुद्धीने शस्त्र नाकारणाऱ्यांना कायद्यांनी माणुसकीने वागवावे, मात्र त्यांनी अन्य मार्गाने समाजाची सेवा करावी, या आशयाचे विधान आले. शस्त्राऐवजी शुश्रूषेचे काम मागणाऱ्या फ्रान्झला जे नाकारले गेले, तेच हे होय.

७ मे १९९७ रोजी बर्लिनच्या न्यायालयाने त्याची शिक्षा रद्दबातल ठरवली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्या कॅथीड्रलमध्ये त्याला धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. त्या सोहळ्यास ९४ वर्षांची फ्रान्झिस्का आपल्या मुलींसह हजर होती. २०१३ मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण केल्यावर, तिने देह ठेवला.

आज्ञाभंगाची कसोटी

देवाचे नाव घेऊन कायदा मोडणारे लोक जगात पुष्कळ आहेत. देवाच्याच नावाने घरे जाळली जातात आणि शेजाऱ्यावर हात उचलला जातो. मग खरा कोण व खोटा कोण, हे कसे ओळखावे? वरील उदाहरणांवरून काही खुणा सांगता येतात.

पहिली खूण अशी, की खरा आज्ञाभंग हा गैरसोयीसाठी नसतो. आज्ञा कडक आहे किंवा आपल्याला आवडत नाही, एवढे कारण पुरत नाही. ती पाळल्याने आपल्या हातून उघड पाप घडणार असेल, तरच तो प्रश्न उपस्थित होतो. दुसरी खूण अशी, की असा मनुष्य इतर सर्व बाबतींत उत्तम नागरिक असतो. मोर राजाचा सेवक होता. फ्रान्झ शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडीअडचणीस धावून जाणारा शेतकरी होता. तिसरी खूण, तो मोठ्यांचा सल्ला घेतो, आपले चुकत तर नाही ना हे पुन:पुन्हा तपासतो. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची खूण अशी, की तो शिक्षा स्वतः सोसावयास तयार असतो, दुसऱ्यावर हात उचलत नाही. जो देवाची आज्ञा म्हणून दुसऱ्याचे रक्त सांडतो, त्याच्यापाशी पेत्राचे शब्द असतील, पण पेत्राचे आचरण नाही.

बालमित्रहो, तुमच्यापैकी कोणावर फ्रान्झसारखा प्रसंग न येवो. परंतु त्याच्या चरित्रातील एक गोष्ट तुमच्या रोजच्या जीवनास लागू पडणारी आहे. १९४३ सालचा मोठा नकार त्याने एकाएकी दिला नाही. त्याआधी पाच वर्षे तो लहान लहान नकार देत आला होता: एक मत, एक वर्गणी, एक सरकारी लाभ. लहान गोष्टींत ज्याने मान तुकवली, त्याला मोठ्या प्रसंगी ताठ उभे राहता येत नाही. वर्गातील दांडगट मुले एखाद्या गरीब सोबत्याची टर उडवण्यास सांगतील, कोणी परीक्षेत नक्कल करण्यास भाग पाडील, घरचे मोठे माणूसही एखादे वेळी खोटे बोलावयास सांगेल. अशा वेळी उद्धटपणा न करता, आवाज न चढवता, हे मी करणार नाही एवढे म्हणावयाचे, आणि मग जे वाट्याला येईल ते सोसावयाचे. या अभ्यासाला वयाची अट नाही.

आणि आम्हां शिक्षकांनाही यातून एक गोष्ट शिकावयाची आहे. उद्या एखादा विद्यार्थी आमच्यापुढे उभा राहून, गुरुजी, तुम्ही सांगता हे मला न्याय्य वाटत नाही, असे नम्रपणे म्हणाला, तर छडीकडे हात नेण्याआधी आम्ही त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतले पाहिजे. पुष्कळदा चूक त्याचीच असेल, आणि ती त्याला समजावून देता येईल. एखादे वेळी ती आमची असेल.